ओढण्याआधी ओळखा

हसणं बंद करा. हसण्यासारखं काय सांगितलं त्यानं? शेळी अडली होती. एकानं शिंगं धरली, दोघांनी बाहेर आलेल्या पायाला सुतळी बांधली आणि जोर लावून करडू उपसून काढलं. करडू मेलेलंच निघालं, शेळी दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. आणि वर हा मला सांगतो, ‘सर, नशिबातच नव्हतं.’ सुतळी नशिबानं बांधली होती का? जोर नशिबानं लावला होता का? बाहेर एकच पाय होता, असं त्यानंच आत्ता सांगितलं. मग दुसरा पाय कुठे होता? डोकं कुठे होतं? दिसत होता तो पाय पुढचा होता की मागचा? एवढे तीन साधे प्रश्न त्या तिघांपैकी एकाच्याही मनात आले नाहीत. उत्तरं माहीत नसताना एका जिवंत जनावराच्या पोटातून दुसरं जनावर ओढलं गेलं आणि तुम्ही ते ऐकून हसताय.

आज मी एकच गोष्ट सांगणार आहे आणि ती तुमच्या डोक्यात शिरेपर्यंत सांगणार आहे. हाताला काय लागलंय ते ओळखल्याशिवाय ओढायचं नाही. ज्याला एवढं पाळता येत नाही त्यानं शेळ्या पाळू नयेत.

इथे बसलेल्या बहुतेकांकडे उस्मानाबादी शेळ्या आहेत. धाराशिव, लातूर, सोलापूर, बीड या कोरडवाहू पट्ट्यातली ही काळी, काटक जात जुळ्यांसाठी नावाजलेली आहे. 2019 च्या पशुगणनेत महाराष्ट्रात एक कोटीहून जास्त शेळ्या मोजल्या गेल्या. त्यांतल्या कितीतरी अशा घरांत आहेत जिथे दावणीला दोन-चार शेळ्या सोडल्या तर विकायला दुसरं काही नाही. पोराची फी भरायची, दवाखान्याचं बिल द्यायचं, तर त्या घरातली बाई करडाकडे बघते. तिची शेळी विताना मेली की ती शेळी, पोटातली करडं आणि पुढची सगळी वेतं एका रात्रीत जातात. म्हणून मला राग येतो. तुम्ही नवखे आहात याचा राग नाही, शिकायलाच आला आहात. न बघता, न विचारता, फक्त जोरावर विसंबून काम करता याचा राग आहे.

आणि चूक त्या रात्री सुरू झाली नव्हती. सांग, तुझी शेळी फळली कधी? तारीख? नाही माहीत. ‘दिवाळीच्या आसपास.’ शेळीचा गाभणकाळ साधारण 150 दिवसांचा, चार-पाच दिवस मागेपुढे. फळवल्याची तारीख कॅलेंडरवर लिहिली असती तर कोणत्या आठवड्यात रात्री उठून बघायचं ते कळलं असतं, वेगळी कोरडी जागा तयार ठेवता आली असती, डॉक्टरांना आधी सांगून ठेवता आलं असतं. दुकानातली उधारी पैशापैशानं लिहून ठेवता, मग ही एक तारीख लिहायला काय हात दुखतात?

दुसरी चूक त्याच्याही आधीची. ती पाठ पहिलारू होती, अंगानं अजून भरलीही नव्हती, आणि तिच्यावर दुसऱ्या थोराड जातीचा बोकड सोडला. का, तर करडं मोठी होतील, बाजारात भाव येईल. करडं मोठी होतील हे खरं, पण ती बाहेर कुठून यायची? लहान चणीच्या, पहिल्या वेताच्या शेळीला बोअर, बीटल, जमनापारी असल्या दांडग्या बोकडाचं करडू पेलत नाही. कमरेच्या हाडांतून डोकं निघत नाही आणि तिथे कितीही हुशार डॉक्टर आला तरी त्याच्यापुढे फार थोडे मार्ग उरतात. पाठ वजनानं बावीस-पंचवीस किलोची होऊ द्या, मग फळवा. मोठा बोकड वापरायचाच असेल तर दोन वेतं झालेल्या, रुंद पुठ्ठ्याच्या शेळीला वापरा.

तिसरी गोष्ट खाण्याची. ‘गाभण शेळीला कमी खायला घाला, म्हणजे करडू लहान राहील आणि सुटका सोपी होईल,’ हे तुमच्यापैकी किती जणांनी घरात ऐकलंय? हात वर करा. बघा. हे ऐकून वागणारा माणूस शेळी मारतो. पोटातल्या करडाची सत्तर टक्के वाढ शेवटच्या सहा आठवड्यांत होते. त्याच काळात जुळ्या-तिळ्यांनी पोट भरलेलं असल्यामुळे शेळीला एका वेळी जास्त चारा खाता येत नाही. बाहेरून मिळालं नाही की ती स्वतःच्या अंगातली चरबी जाळते आणि त्यातून तयार होणारी द्रव्यं तिच्याच रक्तात साठतात. शेळी कळपापासून बाजूला उभी राहते, दात खाते, झोकांड्या देते, श्वासाला गोडसर वास येतो, शेवटी बसते ती उठत नाही. याला गर्भारपणातला कीटोसिस म्हणतात. अति लठ्ठ शेळीलाही तो होतो, उपाशी शेळीलाही होतो. अशी शेळी वितानाही अडते, कारण कळा द्यायला तिच्या अंगात जोर उरलेला नसतो. शेवटचा दीड महिना चांगला पाला, कडधान्याचं भुसकट आणि रोज पाव ते अर्धा किलो खुराक विभागून द्या. खुराक एकदम वाढवू नका, आठवडाभरात हळूहळू वाढवा. विण्याच्या महिनाभर आधी आंत्रविषार आणि धनुर्वाताची लस डॉक्टरांना विचारून टोचून घ्या, म्हणजे आईच्या चिकातून करडालाही संरक्षण मिळतं.

आता त्या रात्रीकडे या. तुम्हाला ‘अडली’ हा एकच शब्द येतो. शेळी दोनदा उठली-बसली की अडली, आणि दिवसभर कण्हत पडली तरी अडलीच. अडली म्हणजे नेमकं काय, हे घड्याळाशिवाय कळत नाही. विण्याआधी कास तटतटते, शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना खड्डे पडतात, शेळी पायानं जमीन उकरते, ऊठबस करते, स्वतःच्या कुशीकडे वळून बघते, घट्ट चिकट स्राव येतो. हा पहिला टप्पा. यात गर्भाशयाचं तोंड हळूहळू उघडत असतं आणि याला काही तास, पहिलारू असेल तर दहा-बारा तासही लागतात. या वेळी तुमचं काम लांब बसून बघणं. मध्येच हात घातलात तर न उघडलेलं तोंड फाटतं आणि घाण आत जाते, एवढंच होतं.

नंतर पाणमोट दिसते, ती फुटते आणि शेळी जोर करायला लागते. इथून घड्याळ बघायचं आणि वेळ लिहायची. जोरदार कळा अर्धा तास चालू आहेत आणि काहीच पुढे सरकत नाही, तर तपासायचं. पाणमोट फुटून तास झाला आणि करडू नाही, तर तपासायचं. एक करडू झालं, शेळी अजून कळा देतेय आणि अर्ध्या तासात दुसरं आलं नाही, तर तपासायचं. तुझी शेळी संध्याकाळी सात वाजता जोर करायला लागली आणि तुम्ही हात लावला रात्री दोनला. सात तास! आधी सात तास काहीच केलं नाही आणि मग पंधरा मिनिटांत सगळा जोर लावला. उशीर आणि घाई या दोन्ही चुका एकाच रात्री केल्या आणि दोन्हींचं मूळ एकच, समोर काय चाललंय ते ओळखायची तयारी नाही.

तपासणं म्हणजे काय तेही ऐका. नखं मुळापर्यंत कापलेली हवीत. अंगठी, कडं, घड्याळ काढलेलं हवं. हात कोपरापर्यंत साबणानं आणि कोमट पाण्यानं धुतलेला, वर हातमोजा. शेळीचं मायांग आणि शेपटीखालचा भाग साबणपाण्यानं स्वच्छ केलेला. मग भरपूर वंगण, म्हणजे औषधाच्या दुकानात मिळणारं जेल किंवा लिक्विड पॅराफिन. नुसता साबण लावून हात घालू नका, साबणानं आतला नैसर्गिक ओलावा निघून जातो आणि आतली त्वचा सोलवटते. लहान हाताचा माणूस पुढे करा. घरात बायका असतात, त्यांचे हात लहान असतात, पण पुढे होतो तो घरातला सगळ्यात दांडगा पुरुष. शेळीच्या कमरेतून जाणारा हात अरुंद हवा, तिथे दंडाच्या ताकदीचा काही उपयोग नाही. घरातली बाई गरोदर असेल तर मात्र तिला या कामात अजिबात घेऊ नका. का, ते पुढे सांगतो.

हात आत घालायचा तो कळ ओसरल्यावर, बोटं मिटून निमुळती करून, हळू. आणि आत गेल्यावर पहिलं काम ओढायचं नाही, ओळखायचं. करडू सरळ असेल तर दोन पुढचे पाय आणि त्यांच्यावर टेकवलेलं नाक लागतं. पाय लागला की तो पुढचा की मागचा हे आधी ठरवा. खुरापासून वर चाचपत जा. खुरावरचा सांधा आणि त्याच्या वरचा मोठा सांधा दोन्ही एकाच दिशेला वाकत असतील, तर तो पुढचा पाय. दोन सांधे एकमेकांच्या उलट दिशेला वाकत असतील आणि वरच्या सांध्याला मागे टोक लागत असेल, तर तो मागचा पाय. हे दोन वाक्यांचं ज्ञान त्या रात्री तुमच्या कुणाकडे असतं तर आज ती शेळी गोठ्यात उभी असती.

मग दुसरा नियम. दोन पाय लागले म्हणून ते एकाच करडाचे आहेत असं धरून चालायचं नाही. आपल्या शेळीला जुळं असतं, मघाशीच म्हटलं. पायावरून बोटं वर सरकवत छातीपर्यंत जा, छातीवरून दुसऱ्या पायावर उतरा. दोन्ही पाय एकाच छातीला जोडलेले आहेत याची खात्री झाली की मान शोधा, डोकं शोधा. एका करडाचा पुढचा पाय आणि दुसऱ्याचा मागचा पाय एकत्र बांधून ओढणारी माणसं आहेत. दोन्ही करडं एकमेकांत अडकतात, आई फाटते. ज्यानं पायावरून छातीपर्यंत हात नेला, त्याच्या हातून हे घडत नाही.

आता काय लागलं त्याप्रमाणे काय करायचं.

एकच पाय आणि डोकं आलंय, दुसरा पाय मागे राहिलाय. ही तुझ्या शेळीची गत असावी. असं करडू ओढलं की मागे राहिलेला खांदा कमरेच्या हाडात अडकून बसतो. इथे करडू आधी आत ढकलायचं असतं. हो, आत. कळ नसताना, हळू, जागा होईपर्यंत. मग मागे राहिलेला पाय शोधायचा, गुडघा वर घ्यायचा आणि खूर आपल्या तळव्यात झाकून पुढे आणायचा. तळव्यात का झाकायचा? कारण उघडं खूर गर्भाशयाची भिंत फाडत येतं. कळ चालू असताना ढकलू नका, नाहीतर तीच भिंत तुमच्या हातानं फाटेल.

दोन पाय आलेत, डोकं नाही. मान कुशीकडे वळलेली असते. पाय दिसतात, जोर लावावासा वाटतो आणि जितकं ओढाल तितकी मान आणखी वळते. पुन्हा तेच, ढकला, जागा करा, मानेवरून बोटं नेत तोंड शोधा, नाकाडाला हात घालून डोकं सरळ करा. डोळ्यांत बोटं जाऊ देऊ नका. जबड्याला दोरी बांधून ओढू नका, जबडा मोडतो. डोकं परत वळतच असेल तर स्वच्छ मऊ दोरीचा फास कानांमागून घ्या, तोही डोकं दिशेवर ठेवण्यासाठी, जोर लावण्यासाठी नाही. हे काम अवघड आहे. ज्यानं कुणाच्या देखरेखीखाली कधी केलेलं नाही त्यानं डॉक्टरांची वाट बघावी.

दोन मागचे पाय आलेत, खुरांचे तळवे वर आहेत. अशा करडाला आत फिरवून डोक्याकडून आणायचा उद्योग करू नका. तसंच मागच्या पायांनी काढा. पण एकदा करडाचे पुठ्ठे बाहेर आले की रेंगाळू नका. नाळ आईच्या कमरेच्या हाडावर दाबली जाते, रक्त तुटतं आणि डोकं अजून आत पाण्यात असतानाच करडू पहिला श्वास घेतं.

फक्त शेपूट लागते, पाय नाहीतच. याला तुम्ही कधी ओळखत नाही, कारण बाहेर काहीच दिसत नाही. शेळी मंद मंद कळा देत राहते आणि तुम्ही म्हणता, अजून वेळ आहे. त्यातच करडू मरतं. म्हणून घड्याळ. इथे करडू पुढे ढकलून मागचा एकेक पाय दुमडून, खूर तळव्यात झाकून बाहेर घ्यावा लागतो.

आणि हात आत गेला, पण गर्भाशयाच्या तोंडातून दोनच बोटं जातात, कडेला घट्ट कडं लागतं. म्हणजे तोंडच उघडलेलं नाही. ते बोटांनी ताणून उघडायचं नसतं. अशा शेळीला डॉक्टर औषध देऊन थोडा वेळ बघतात, नाहीतर सिझेरियन करतात. शेळीचं सिझेरियन होतं, चांगलं होतं आणि वेळेवर झालं तर ती पुढे पुन्हा गाभणही राहते. ‘शेळीला कुठे ऑपरेशन’ म्हणून तोंड वाकडं करणाऱ्यानं मेलेल्या शेळीची किंमत आधी काढावी.

सगळं सरळ झालं, आता ओढायचं. कसं? फक्त कळेबरोबर. शेळी जोर करते तेव्हा तुम्ही धरा, ती थांबते तेव्हा तुम्ही थांबा. दिशा मागे आणि खाली, शेळीच्या मागच्या पायांकडे. एक पाय दुसऱ्यापेक्षा थोडा पुढे घ्या म्हणजे खांदे तिरके होऊन निघतात. एका माणसाची मर्यादित ताकद. दुसऱ्या माणसाला मदतीला बोलवावंसं वाटलं की समजा, आत काहीतरी चुकलंय आणि ओढणं थांबवायचं आहे. तीन माणसं लागली हे तू मघाशी छाती फुगवून सांगितलंस. तिसरा माणूस हाताला आला तेव्हाच तुम्ही हरला होतात.

पंधरा-वीस मिनिटं प्रयत्न करूनही करडू सरळ होत नसेल तर हात बाहेर काढा. पाणी कोरडं होत जातं, आतली त्वचा सुजते आणि डॉक्टर येईपर्यंत त्यांच्यासाठीही जागा उरत नाही. महाराष्ट्रात 1962 हा टोल फ्री क्रमांक पशुवैद्यकीय सेवेसाठी आहे, तो फोनमध्ये आत्ता घाला, माझ्यासमोर. आणि फोन केल्यावर ‘शेळी अडली, लवकर या’ एवढंच ओरडून ठेवू नका. कळा कधी सुरू झाल्या, पाणमोट कधी फुटली, बाहेर काय दिसतंय, कितवं वेत, कुणी हात घातला, काय इंजेक्शन दिलं, सगळं खरं सांगा. हात घातल्याचं लपवलंत तर डॉक्टर पुढचा निर्णय चुकीच्या माहितीवर घेतील आणि शिक्षा शेळीला होईल.

इंजेक्शनचं नाव काढलंय तर तेही बोलतो. कळा याव्यात म्हणून गावात कुणीतरी ऑक्सिटोसिन टोचतो. कुणी टोचलं, कशासाठी टोचलं, तुम्हाला माहीत नसतं. करडू वाकडं आहे किंवा तोंड उघडलेलं नाही, अशा शेळीला ते औषध दिलं तर गर्भाशय बंद दारावर धडका मारतं आणि फाटतं. आत रक्त साचतं, बाहेर काही दिसत नाही, शेळी थंड पडत जाते आणि तुम्ही पुन्हा म्हणता, नशीब. हे औषध कधी द्यायचं ते तपासणी केलेल्या डॉक्टरांनीच ठरवायचं. तुमच्या गोठ्यात त्याची बाटली दिसली तर मला तुमचं प्रशिक्षण वाया गेलं असं वाटेल.

करडू बाहेर आलं म्हणजे काम संपलं, हाही तुमचा लाडका गैरसमज. नाकातोंडातला चिकट पदार्थ बोटानं काढा, डोकं थोडं खाली ठेवून कोरड्या गोणपाटानं छाती जोरात चोळा, काडीनं नाकात गुदगुल्या करा. मागचे पाय धरून गरगर फिरवू नका, हातातून निसटून भिंतीवर आपटतं आणि फायदा काही नाही. नाळ पाच सेंटीमीटर ठेवून स्वच्छ कात्रीनं कापा, 7 टक्क्यांच्या टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवा. राख, शेण, हळद लावू नका. तिथूनच धनुर्वात आणि सांधे सुजवणारे जंतू आत शिरतात. मग शेळीच्या पोटात अजून करडू आहे का ते बघा. कासेच्या पुढे दोन्ही तळवे पोटाखाली घालून वर उचला, आत कडक गोळा लागला तर सावध व्हा. तुझ्या शेळीच्या पोटात दुसरं करडू होतं का? बघितलंस? नाही बघितलंस. ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कण्हत होती, असं तूच सांगितलंस.

चीक पहिल्या तासात पोटात गेला पाहिजे. दिवसभरात करडाच्या वजनाच्या एक दशांश, म्हणजे अडीच किलोच्या करडाला पाव लिटर, चार-पाच वेळा विभागून. ‘वार पडेपर्यंत चीक पाजायचा नाही’ म्हणणाऱ्या आजीला नमस्कार करा आणि चीक पाजा. रोगाशी लढायची ताकद करडाला जन्मतः नसते, ती चिकातूनच येते आणि जसजसे तास जातात तसतशी आतड्याची ती शोषून घ्यायची क्षमता कमी होत जाते. करडाच्या तोंडात बोट घाला. तोंड गार लागलं तर आधी ऊब द्या, मग चीक. गारठलेल्या, चोखायची ताकद नसलेल्या करडाच्या घशात बाटलीनं दूध ओतलं तर ते फुप्फुसात जातं.

वार काही तासांत आपोआप पडते. बारा तास झाले आणि पडली नाही, तर डॉक्टर. ओढायची नाही, तिला दगड किंवा चप्पल बांधायची नाही. अर्धी तुटून आत राहते आणि सडते. गर्भाशय उलटून बाहेर आलं तर ते स्वच्छ पाण्यानं धुऊन ओल्या स्वच्छ कापडात झाकून ठेवा, कुत्र्या-कावळ्यांपासून राखा आणि तातडीनं डॉक्टर आणा. हात घालून ज्या शेळीला सोडवली तिला पुढचे काही दिवस प्रतिजैविक आणि वेदनाशामक लागतं, तेही डॉक्टर ठरवतील. शेळी खाते का, ताप आहे का, घाणेरडा वास येतो का, हे रोज बघणं मात्र तुमचं काम.

आता गरोदर बाईचं. वार, पाणमोटीचं पाणी, गाभडलेलं करडू यांत ब्रुसेलाचे जंतू असू शकतात. ते उघड्या जखमेतून, डोळ्यांतून, श्वासातून माणसात येतात आणि महिनोन्महिने चढउतार करणारा ताप, सांधेदुखी, अशक्तपणा मागे लावतात. गरोदर बाईला त्यातून गर्भपाताचाही धोका असतो. आणि घरोघरी वार उचलायला कोण पुढे केली जाते? सून. उघड्या हातांनी. हातमोज्याला पैसे नाहीत म्हणता? सुनेच्या दवाखान्याला कुठून आणाल? वार खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा, जागा धुवा, कुत्र्याला वार टाकू नका. शेळी वारंवार गाभडत असेल तर तिचं रक्त तपासून घ्या आणि कच्चं दूध पिणं बंद करा.

‘सर, आमच्याकडे एवढं कुठे शक्य आहे’ असं कुणाच्या ओठावर आलं असेल तर गिळून टाका. साबण, कोमट पाणी, नखं कापायची कात्री, हातमोजे, जेलची एक ट्यूब, आयोडीनची बाटली, दोन स्वच्छ मऊ दोऱ्या, कोरडं गोणपाट, एक वही आणि पेन. हे सगळं एका पिशवीत मावतं आणि एका करडाच्या किमतीपेक्षा फार फार स्वस्त पडतं. ऊसतोडीला जाणारी कुटुंबंही शेळी सोबत नेतात. तिथे गोठा नसतो, डॉक्टर जवळ नसतो, पण ही पिशवी पालात ठेवता येते. गरिबी हे हात न धुण्याचं कारण होत नाही.

तू मान खाली घालून बसला आहेस. वर बघ. तुला लाज वाटावी म्हणून मी हे बोललो नाही. ओरडून मी मोकळा होईन, पण तुझ्या गोठ्यात अजून दोन गाभण शेळ्या आहेत आणि त्यांच्यापाशी रात्री मी नसेन, तूच असशील. तेव्हा तुझ्या हाताला आठवायला हवं.

म्हणून आजचा अभ्यास लिहून घ्या. घरी गेल्यावर प्रत्येकानं गोठ्यातलं एक करडू मांडीवर घ्यायचं. डोळे मिटायचे. दुसऱ्यानं करडाचा कोणताही एक पाय हातात द्यायचा आणि तुम्ही तो पुढचा की मागचा, डावा की उजवा हे बोटांनी ओळखायचं. मग पायावरून छातीकडे, छातीवरून मानेकडे, मानेवरून नाकापर्यंत बोटं न उचलता जायचं. अंधारात, अंगावर गोणपाट टाकून, जागा अरुंद करून पुन्हा करायचं. उद्या सकाळी प्रत्येकानं नखं कापून इथे यायचं. मी डोळ्यांवर पट्टी बांधून एकेकाची परीक्षा घेणार आहे. जो चुकेल तो पुन्हा करील आणि जोपर्यंत त्याच्या बोटांना ओळख पटत नाही, तोपर्यंत माझ्या वर्गातून कुणालाही गाभण शेळीजवळ हात घालायची परवानगी नाही.